जर्मन कातारी आणि त्याचा बाप

योहान आदाम ड्रेक्सलर नावाच्या जर्मन कारागिराचं लग्न कोणत्या वारी झालं, हे माझ्या नवऱ्याला पाठ आहे. मंगळवारी. १८५८ साली, अमेरिकेतल्या ओहायोत. आमचं स्वतःचं कोणत्या वारी झालं ते विचारून बघा. "उन्हाळा होता, गर्मी लय होती," एवढंच उत्तर मिळेल, आणि तेही नकाशावरून मान वर न करता.

माझा नवरा म्हणजे हरिदास तुळशीराम डोंगरदिवे. गाव मेहकरजवळ, शिक्षण खामगावच्या आयटीआयमध्ये, मुक्काम सत्तावीस वर्षं बहारीन. मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्त करायचं एक वर्कशॉप आहे, तिथे हे ड्राफ्ट्समन. जहाजाचे दरवाजे, शिड्या, खलाशांच्या झोपायच्या फळ्या, सगळ्यांचे नकाशे यांनी काढायचे आणि बाकीच्यांनी त्याबरहुकूम लाकूड-लोखंड कापायचं. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण यांचं अक्षर असं की जुने लोक अजून त्यांच्याकडून हातानं लिहून घेतात. घरी बोलणं दिवसाला साधारण चाळीस शब्द. पाहुण्यांकडे गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतात, मग नमस्कार. वांगी घ्यायला पाठवलं तर सगळी एका मापाची आणतात. किडकी निघाली तरी चालतील, माप चुकता कामा नये!

असा हा माणूस जुलैत साठ वर्षांचा झाला. म्हणजे कागदावर झाला. खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. शाळेत घालताना मास्तरांनी एक जुलै टाकली आणि साल अंदाजानं. सासूबाई म्हणायच्या, पोरगं दिसायला थोराड होतं म्हणून मास्तरांनी दोन वर्षं वाढवली. त्या मास्तरांच्या कृपेनं आमच्यावर संकट आलं. कंपनीचा नियम असा की साठीनंतर विसा रिन्यू करायचा नाही. यांचा विसा डिसेंबरअखेर संपणार. यांचा संपला की माझा आणि श्रावस्तीचाही संपला. आणि श्रावस्तीची बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. वर्षाच्या मधेच दुसऱ्या शाळेतून बसता येत नाही, म्हणजे पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात.

एचआरमधला हुसेन सज्जन माणूस. त्यानं सरळ सांगितलं, "जीएमचं लेटर आण, एक वर्ष वाढेल, इंशाल्ला. लेटर मफी, विसा मफी." मफी म्हणजे इकडच्या अरबीत 'नाही'. एका सहीचा प्रश्न होता. एवढं कळल्यावर कोणताही नवरा दुसऱ्या दिवशी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहील. आमचे हे गेले नाहीत. "मागणं बरं नाई दिसत," म्हणाले. दिसण्याची एवढी काळजी कधी शर्टाच्या बाबतीत नव्हती.

जीएम म्हणजे वॉल्टर ड्रेक्सलर, अमेरिकन. गोरापान, उंच, प्रत्येकाला नावानं हाक मारणारा, आणि दर दोन वाक्यांमागे आपल्या घराण्याचं नाव काढणारा. ड्रेक्सलर म्हणजे जर्मन भाषेत कातारी, लाकूड कातून खुर्च्यांचे पाय, पाळण्याचे दांडे करणारा. याचा खापरपणजोबा योहान आदाम जर्मनीतलं खेडं सोडून ओहायोला गेला आणि तिथे त्यानं खुर्च्यांचं दुकान टाकलं. घरात समज असा की वर जर्मनीत सात पिढ्या सगळे उस्ताद कातारीच. नोव्हेंबरअखेर ओहायोत सगळे ड्रेक्सलर जमणार होते, दीडशे माणसं, आणि त्यांच्यापुढे साहेबाला सात पिढ्यांचा तक्ता उलगडायचा होता. चुलतभावानं जर्मनीतल्या चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो पाठवले होते. पण ते वाचणार कोण आणि काढणार कोण? साहेबानं यांचं अक्षर पाहिलं होतं. झालं!

मी मनातल्या मनात त्या योहान आदामला साष्टांग नमस्कार घातला. कंपनीच्या फॅमिली डेला साहेब भेटला तेव्हा मी धीर करून श्रावस्तीच्या परीक्षेचं त्याच्या कानावर घातलं. मी सलमानियाकडे एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, त्यामुळे मोठ्या माणसांशी इंग्रजीत गोड बोलायची मला सवय आहे. साहेब हसून म्हणाला, "आधी माझे आजोबा जागेवर बसू देत, मग तुमच्या मुलीचं नक्की बघू." गंमत म्हणून म्हणाला असेल. मी नाही गंमत म्हणून ऐकलं.

चार महिने आमच्या बुसैतीनच्या दोन खोल्यांत जर्मन लोक राहायला आले. जेवायच्या टेबलावर मोठाले प्रिंट पसरलेले, त्यावर मुंग्या शाईत बुडून चालत गेल्यासारखं ते जुनं अक्षर. यांना जर्मन येत नाही. पण यांनी एकेक अक्षर ट्रेस केलं, बाराखडीसारखा तक्ता करून भिंतीला चिकटवला, आणि महिन्याभरात हा खामगावचा आयटीआयवाला दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांची खरड वाचायला लागला. आपल्याला कौतुक वाटायला पाहिजे. मला वाटलंही, पण आम्ही तिघंही तेव्हा जमिनीवर बसून जेवत होतो.

खालच्या मजल्यावर विवेक खांबेटे राहतात, पुण्याचे, बँकेत. त्यांना सुगावा लागला आणि ते सल्लागार म्हणून रुजू झाले. नेमणूक त्यांची त्यांनीच केली. त्यांच्या घरी कुलवृत्तांत आहे. म्हणजे त्यांच्या घराण्याचं पुस्तक, आठशे बारा पानं, कोकणातल्या मूळपुरुषापासून विवेकरावांच्या फ्लॅट नंबरपर्यंत. ते पुस्तक ते दोन्ही हातांवर घेऊन जिना चढून आले. "वहिनी, वंशावळ हे शास्त्र आहे," म्हणाले. मी चहा टाकला. शास्त्राला साखर दोन चमचे लागते.

त्यांनी यांनाही विचारलं, "डोंगरदिवे, तुमची किती पिढ्यांची माहिती आहे?"

"बाप तुळशीराम, आजा उकंडा," हे म्हणाले. "त्याच्या वर नाई."

"अरेरे, कोणी लिहून ठेवलं नाही का?" विवेकराव हळहळले. मला इतका राग आला! लिहिणारे विवेकरावांच्यातले, वह्या त्यांच्या, आणि उकंड्याचा बाप त्या वहीजवळ गेला असता तर काय झालं असतं ते त्यांना चांगलं माहीत. मी बोलणार होते, पण यांनी नजरेनंच थांबवलं आणि पुन्हा जर्मनीत गेले.

आता खरी अडचण अशी होती की योहान आदामचा बाप सापडत नव्हता. त्याच्या ओहायोतल्या थडग्यावर जन्मतारीख होती, १८३१ सालची. खेड्याच्या वहीत बाप असलेला असा पोरगा त्या साली दिसेना. विवेकरावांनी चुटकी वाजवली. "सोपं आहे हो! योहान आदाम ड्रेक्सलर. मधलं नाव कोणाचं? बापाचं! हरिदास तुळशीराम, विवेक गजानन, तसंच योहान आदाम. आदाम ड्रेक्सलर शोधा." आणि खरंच, त्या खेड्यात आदाम ड्रेक्सलर होता. उस्ताद कातारी, पैठणीच्या काठासारखा सरळ वंश, वर सहा पिढ्या. आणि त्याला १८२९ साली योहान नावाचा मुलगाही झालेला.

दोन वर्षांचा फरक होता, पण आमच्या यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "शाळेत मास्तरनं टाकली असंल तारीख," म्हणाले. त्या योहानच्या नावापुढे पाद्र्यानं छोटा क्रॉस काढलेला होता. मी विचारलं, हा कशाला? "ख्रिश्चन माणूस, क्रॉस असणारच," दोघं विद्वान एका सुरात म्हणाले. मग बाकीच्यांच्या पुढे का नाही, हे विचारायचं मलाही सुचलं नाही. मला आजोबा लवकर जागेवर बसायला हवे होते.

तक्ता तयार झाला. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत, सात पिढ्या, एकेक अक्षर कोरल्यासारखं. खरं सांगते, मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट थोडीच पाहिली. शुक्रवारी दुपारी साहेब आमच्याकडे जेवायला येऊन तो नेणार होता, आणि येताना पत्र आणणार होता. हुसेननं फोन करून सांगितलं, लेटर टाइप झालंय, सही बाकी.

गुरुवारी संध्याकाळी श्रावस्ती अभ्यासातून उठून तक्ता बघायला आली. ती मराठी समजते, बोलते इंग्रजी. बोट फिरवत म्हणाली, "योहान आदाम, फादर आदाम. ओके. अँड हू इज धिस? आदामची सिस्टर? अ‍ॅना कातारिना." मग थांबली. "सो बाबा, हर फादर इज कातारिना?"

यांनी तक्ता स्वतःकडे ओढला. बायकांची नावं यांनी जशीच्या तशी उतरवली होती. त्यांच्या मधल्या नावाचा विचार करायची गरज दोघांही विद्वानांना भासली नव्हती. अ‍ॅना कातारिनाचा बाप तर वहीत स्पष्ट होता, कोनराड. म्हणजे मधलं नाव बापाचं नव्हतंच.

हे उठले. सगळे प्रिंट पुन्हा काढले. तासाभरानं त्यांनी मला एक ओळ दाखवली, जी त्यांनी आधी ओलांडून टाकली होती, कारण तिच्यात बापाचं नाव नव्हतं. १८३१. योहान आदाम. तारीख थडग्यावरची, तंतोतंत. आई: अ‍ॅना कातारिना ड्रेक्सलर, मोलकरीण, अविवाहित. बाप: रकाना कोरा. पुढे साक्षीला, पोराला मांडीवर घेणारा म्हणून, तिचा भाऊ आदाम. त्याचंच नाव पोराला दिलेलं. आणि तो क्रॉसवाला योहान? क्रॉस म्हणजे मेला. मृत्यूच्या वहीत तोही सापडला, दोन वर्षांचं पोर, गेलेलं.

फोटोंमध्ये एक लांबलचक अर्ज होता, तोही यांनी आता शब्द शब्द जुळवून वाचला. योहान आदाम मामाकडे काम शिकला, पण कातार्‍यांच्या संघानं त्याला घेतलं नाही, कारण बापाचं नाव नाही. म्हणून देश सोडायची परवानगी मागितलेली. यांनी तो कागद टेबलाच्या कडेशी सरळ लावला. "काम येत होतं त्याले," एवढंच म्हणाले. मला कळलं हे कोणाबद्दल बोलतायत आणि अजून कोणाकोणाबद्दल.

मग मात्र मी भांडले. काय लपवायचं? कडाकडा भांडले. "उद्या सही होऊ द्या, साहेब घरी जाऊ द्या, मग हवं तर ई-मेल करा."

"खोटं ड्रॉइंग देऊ?"

"जहाज आहे का ते? मेलेत सगळे दीडशे वर्षांपूर्वी! कोणाच्या डोक्यावर शिडी पडणार आहे?"

"तिच्या," ते म्हणाले आणि अ‍ॅना कातारिनावर बोट ठेवलं.

"आणि माझ्या पोरीचं वर्ष? त्या जर्मन बाईच्या पोरापायी?" मी रडले. हे प्रिंट गोळा करायला लागले. त्या दिवसाचे चाळीस शब्द संपले असावेत.

शुक्रवारी साहेब आला. मटणाचा रस्सा, भाकरी, झणझणीत ठेचा. ठेचा खाऊन तो टोमॅटोसारखा लाल झाला आणि तरी "अमेझिंग" म्हणत राहिला. विवेकराव बोलावलं नसताना आले होते, कुलवृत्तांत काखेत. जेवण झाल्यावर साहेबानं खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात यांनी तक्ता उलगडला आणि त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या, चौकोनी इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मधलं नाव, क्रॉस, मोलकरीण, कोरा रकाना, सगळं.

"सर, पिढ्या सातच्या सात राहतात," शेवटी म्हणाले. "फक्त इथे आदाम जाईल, त्याची बहीण येईल. कोनराड तोच. काम तेच. मी आठ दिवसांत दुसरा काढतो, आणि कुरिअर करतो."

साहेबानं तक्त्यावरून बोट फिरवलं. "बाप कोण मग?"

"माहीत नाही, सर."

"म्हणजे ओहायोत दीडशे लोकांसमोर मी उभा राहून सांगू की…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मग एकदम हसला, प्रत्येकाला नावानं हाक मारणारं ते हसू. "हॅरी, इट्स फाइन. हाच तक्ता छान आहे. तिथे हे अक्षर कोणालाच वाचता येत नाही. आदामला राहू दे."

विवेकरावांनी घसा साफ केला. "करेक्ट, सर. असल्या गोष्टी आमच्या कुलवृत्तांतातसुद्धा छापत नाहीत." आठशे बारा पानांचा तो ग्रंथ त्यांनी असा थोपटला की मला पहिल्यांदाच त्याच्यात काय काय नसेल याची उत्सुकता वाटली.

साहेबानं पाकीट माझ्याकडे सरकवलं. आत सही केलेलं पत्र होतं, एका वर्षाचं. त्यानं धमकी दिली नाही, अट घातली नाही. अमेरिकन माणूस, रीतभात चांगली. पण तक्त्यावर त्याचा हात होता आणि पाकिटावर माझा, आणि हे त्या दोन हातांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारत होते. सत्तावीस वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा काहीतरी विचारत होता.

मी पाकीट उचललं आणि फाइलमध्ये ठेवलं. "सर, गुलाबजाम अजून एक घ्या," मी म्हणाले. त्यानं घेतला.

हे उठले, खणातून ब्लेड आणलं. ट्रेसिंगवर शाई चुकली की जुने ड्राफ्ट्समन ब्लेडच्या धारेनं अलगद खरवडून काढतात, कागद न फाडता. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात यांनी लिहिलं होतं: काढणार, ह. तु. डोंगरदिवे. ते त्यांनी खरवडायला घेतलं. एकेक अक्षर. साहेब म्हणाला, "हॅरी, व्हाय?" हे म्हणाले, "रॉन्ग ड्रॉइंग, सर." राग नव्हता आवाजात. मग फुंकर मारून काळी भुकटी उडवली, तक्ता नळीत घालून दिला, आणि साहेबाला लिफ्टपर्यंत पोचवायला गेले.

तर तो तक्ता आता ओहायोत कुठल्याशा हॉलच्या भिंतीवर असेल. त्यात योहान आदामला बाप आहे, उस्ताद कातारी. आणि बाजूला एक रेघ येऊन संपते, अ‍ॅना कातारिना, अविवाहित, मूलबाळ नाही. जी आई होती ती आत्या झाली.

विवेकराव गेले. श्रावस्ती दारात उभी होती. सगळं तिनं पाहिलं होतं. मला वाटलं पोरगी गळ्यात पडेल. विसा झाला, परीक्षा होणार, सगळं तिच्याचसाठी. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला पदर सारखा करावासा वाटला.

"यू कुड हॅव सेड समथिंग, आई."

हो. आलं असतं मला बोलता. मला तर इंग्रजीही येतं. तुझ्यासाठी गप्प बसले गं बाई, असं मी म्हणणार होते, शब्द ओठांवर आले होते. आणि मग मनात आलं, त्या मोलकरणीला पाद्र्यानं बापाचं नाव विचारलं असेल तेव्हा तीही कोणासाठी तरी अशीच गप्प बसली असेल. मांडीवर पोरगंच तर होतं. आणि तिला मी आज परत एकदा गप्प बसवलं, गुलाबजाम वाढून. मी टेबलावरची ताटं गोळा केली आणि घासायला घेतली.